हुंकाराचे धडे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज पुन्हा फळ्यापुढे उभी राहिले. फळा म्हणजे प्लायवूडवर काळा रंग फासलेला आणि वर्ग म्हणजे त्यांची जेवणाची खोली. टेबलं कितीही पुसली तरी मासळीचा वास जात नाही. पण निवृत्तीनंतर घरातली जळमटं काढत बसण्यापेक्षा हे बरं.

जकार्ताहून दूर, इथे तेगल शहराबाहेर मिठागरांच्या कडेला ती इमारत आहे. बोटीतून आलेले, कागदपत्रं नसलेले, कुठल्याच देशाला नको असलेले परदेशी लोक तिथे ठेवतात. गुन्हा केलेला नाही, तरी दाराला बाहेरून कुलूप. सुटका होणार की परत पाठवणार हे ठरेपर्यंत तिथेच राहायचं. आपली भाषा त्यांनी पहारेकऱ्यांकडून उचलली आहे, म्हणजे बहुतेक शिव्याच; मोठ्या बाईला 'बू' आणि मोठ्या पुरुषाला 'पाक' म्हणायचं, एवढाच काय तो आदर. कुणी चांगलं बोलायला लागलं की यांना कळत नाही. म्हणून त्यांना मदत करणाऱ्या संस्थेची माणसं म्हणाली, "बू कुस, बोलायचं राहू द्या, तुम्ही यांना नुसतं ऐकायला शिकवा."

मी घरीच माझ्या आवाजात ध्वनिमुद्रण करून नेलं होतं. दवाखान्यातली नर्स, बाजारातली कांदेवाली, स्टेशनवरची घोषणा. घोषणा लावली. सेमारांगला जाणारी गाडी दुसऱ्या फलाटावर येत आहे. सोमालियाचा गुलेद म्हणून एक उंच माणूस आहे, दाढी पिकत आलेली. तो हात वर करून म्हणाला, "बू, आपण ही गाडी पकडायची?" सगळे हसले.

दारातला पहारेकरी पाक वाहिदिनही हसला. म्हणाला, "पकडा की. कुलूप तेवढं तोडा आधी."

गाडीची घोषणा पुढच्या वेळी लावणार नाही. डोकं कुठे होतं माझं?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज ध्वनिमुद्रण बाजूला ठेवलं आणि मुळापासून सुरुवात केली. ऐकायचं कसं?

ही माणसं समोरचा बोलत असताना दगडासारखी बसतात. तोंडावर काही नाही, डोळे रोखलेले. साहेबांना वाटतं उर्मट आहेत. मला माहेरी, सोलोत, आईने पहिलं काही शिकवलं असेल तर ते हेच, की मोठं माणूस बोलत असताना मान जराशी खाली असावी आणि दर वाक्याला हुंकार जावा. इंगिह, म्हणजे जी, ऐकते आहे. हुंकार तुटला की बोलणाऱ्याचा अपमान होतो. मी तेच शिकवलं. हलकी मान, हात मांडीवर, "हो, पाक. असं का, पाक. हो, बू."

अफगाणिस्तानातला नौरोज सगळ्यात आधी शिकला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, तिकडे शिंपीकाम करायचा. काय सुरेख मान झुकवतो! सोलोच्या कुठल्याही घरात जावई म्हणून खपेल. गुलेदला मात्र सांगून काही उपयोग नाही. मी बोलत असतानाच हात वर. "थांबा, बू. मला नाही समजलं."

"गुलेद, मधे तोडू नये."

"पण बू, मला नाही समजलं."

घरी येताना यू तारींच्या दुकानात चहाला थांबले. यू म्हणजे ताई; माझी थोरली नणंद, अस्सल तेगलची. तेगलची माणसं बोलतात म्हणजे भांडतातच असं आम्हा सोलोवाल्यांना वाटतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला अजून वाटतं. मी मातीच्या किटलीतून चहा ओतत वर्गाची हकिगत सांगितली.

यू तारी म्हणाल्या, "मुंडी हलवाय शिकवतीस? बाप्या मान्सांला? आगं, कोंडून घातल्यालं हायती ती. बोंबलाय शिकीव."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे घसा फोडून घेणं. चहा ढवळला. "ढवळू नगंस गं, खडीसाखर हाय ती, आपली आपली इरघळती!" म्हणून त्यावरूनही बोलणी खाल्ली.

गुरुवार, २० मार्च

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. वर्ग नीट चालला आहे. पाक वाहिदिन म्हणतो की, लोक सुधारले, काही सांगितलं की मान डोलावतात. मला बरं वाटलं.

आज तास संपल्यावर नौरोज मागे थांबला. उद्या त्यांच्याकडे नवं वर्ष, त्याच्या नावाचाच सण. घरच्या आठवणीने गलबलला होता बिचारा. बराच वेळ बोलला, मोडकंतोडकं पण न थांबता. डोंगरातला रस्ता. बस. माणसं चढली. "नाव विचारलं. भाऊ खाली उतरला." मग एक फोटो, त्याचा आणि भावाचा. फोटो भावाच्या खिशात होता, आता तो दुसऱ्या कुणाकडे आहे, असं काहीतरी. माझी मिनीबस सुटायची वेळ झाली होती आणि पाक वाहिदिन किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा होता. मी हो, हो म्हणत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "फोटो जपून ठेवावा, नौरोज."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी शिकवली होती तशीच मान झुकवून "हो, बू" म्हणाला.

एवढं सलग बोलायला लागला हे काय थोडं झालं? बस चुकता चुकता मिळाली.

मंगळवार, १ एप्रिल

परीक्षा घेतली. मी वाचून दाखवायचं, त्यांनी ऐकायचं आणि मग उत्तरं द्यायची.

गुलेदची उत्तरं बरीचशी बरोबर आली. पण त्यासाठी त्याने मला इतक्यांदा थांबवलं की माझाच धागा सुटला. असं ऐकणं म्हणजे ऐकणं नव्हे. त्याला कच्चा ठरवलं. नौरोजची उत्तरं पाहिली तर अर्ध्याहून जास्त चुकलेली. पण मी वाचत असताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता! एक शब्द वाया जाऊ देत नव्हता. घाबरून उत्तरं चुकली असतील. तीस वर्षं मुलं पाहिली आहेत मी, कोण ऐकतं आणि कोण नाही ते मला चेहऱ्यावरून कळतं. त्याला पहिला नंबर दिला.

गुलेदचं तोंड पडलं नाही. उलट नौरोजच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "शाबास! आता तू सांग, बू काय वाचत होत्या." नौरोज लाजून हसला.

गुरुवार, १० एप्रिल

जकार्ताहून मुलाखती घेणारे अधिकारी आले आहेत, पाक ब्रामान्त्यो. सगळे पाक ब्राम म्हणतात. तरुण आहेत, बोलणं मृदू. कुणाचा आश्रयाचा अर्ज पुढे न्यायचा, कुणाला परत जायचं आहे, ते विचारणार. दुभाषे कमी आहेत, त्यांना लांबून बोलवावं लागतं, म्हणून त्यांनी मला बोलावून विचारलं की आपली भाषा चांगली समजते असं कोण आहे.

मी म्हणाले, "नौरोज. माझा पहिला विद्यार्थी. त्याला दुभाषा लागणार नाही."

"आणि गुलेद?"

"त्याला लागेल. तो फार कच्चा आहे."

पाक ब्राम म्हणाले, "तुमच्या शब्दावर जातो, बू." किती दिवसांनी कुणी माझ्या शब्दाला इतकी किंमत दिली. येताना यू तारींसाठी तळलेला तोफू घेतला. त्यांनी तोंडभर खाल्ला आणि "गार हाय" म्हणाल्या.

मंगळवार, २२ एप्रिल

आनंदाची बातमी! नौरोज घरी जाणार. पाक ब्राम स्वतः म्हणाले. मुलाखत छान झाली, शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या मर्जीने परत जायला तयार झाला. सहीसुद्धा केली. पुढच्या बुधवारी विमान. "असे सगळे असते तर आमचं काम किती सोपं झालं असतं, बू," म्हणाले. गुलेदची मुलाखत मात्र फोनवरच्या दुभाष्यामार्फत दोन बैठका चालली आणि त्याचा अर्ज पुढे गेला. तो इथेच राहणार, पण शहरात, मोकळा.

मला वाटलं होतं नौरोजलाही इथेच राहायचं असेल. पण घर ते घर. भाऊ आहे, भेट होईल.

गुरुवार, २४ एप्रिल

नौरोजसाठी बाटिकचा सारोंग घेऊन गेले. शिंप्याला कापडाची पारख असते. त्याने घडी उलगडून काठ बोटांनी चाचपला आणि कपाळाला लावला.

"बुधवारी जाणार ना?" मी म्हणाले.

"हो, बू. नवीन इमारत." त्याचे डोळे चमकत होते. "तिथे दार आतून लावता येतं?"

मला हसू आलं. "आपल्याच घराचं दार, का नाही लावता येणार?"

"खिडकी उघडते?"

"उघडते की."

"हो, बू. हो, बू." रडायलाच लागला. माझेही डोळे भरले.

परतताना यू तारींकडे थांबले. हातात चहाची वाटी घेऊन सगळं सांगितलं आणि म्हणाले की नवल वाटतं, इतक्या लांबून जीव धोक्यात घालून आला आणि एका मुलाखतीत परत जायला राजी झाला.

"राजी झाला ते कुणी सांगितलं?"

"पाक ब्रामनी. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणाला."

यू तारी खदखदून हसल्या. "तुझा चेला शोभतो खरा! तुझ्या मागणीला आलो तवा तू बी आशीच. आमचा बा तासभर बोलत हुता आन् तू आपली इंगिह, इंगिह. भाईर आल्यावर बा म्हणला, पोरगी राजी हाय, मुंडी हलवून हलवून मान दुखली आसंल तिची."

"मी राजी नव्हते," मी म्हणाले.

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला योग्याकार्ताला जाऊन पुढे शिकायचं होतं. प्रवेशही मिळाला होता.

यू तारींचं हसू थांबलं. "मंग हो कशापायी म्हणलीस?"

"हो नव्हते म्हणत. ऐकत होते. मोठी माणसं बोलत होती, हुंकार द्यायचा असतो."

"आन् आमी समजलो..."

"हो."

त्यांनी किटलीचं झाकण फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "आमच्या रसिदीनं तरास दिला का गं तुला?"

"नाही, यू. फार चांगले होते ते." हे खरंच आहे. यजमानांबद्दल माझी तक्रार नाही.

पण वाटी खाली ठेवताना मला नौरोजचं बोलणं आठवलं. नवीन इमारत म्हणाला होता तो. मी घर समजले. दार आतून लावता येतं का, असं स्वतःच्या घराबद्दल कोण विचारतं? सोडलेली माणसं शहरात ज्या वसाहतीत राहतात, गुलेद जाणार आहे ती, तिथे आपण चाललो आहोत असं नौरोजला वाटतं आहे. देवा, त्याला माहीतच नाही. मी त्याला सारोंग दिला, वर हसले.

शुक्रवार, २५ एप्रिल

सकाळी पहिल्या मिनीबसने गेले. पाक ब्रामना म्हणाले, मुलाखत ऐकू द्या. ते जरा अवघडले, पण माझ्या पांढऱ्या केसांचा मान ठेवून ध्वनिमुद्रण लावलं.

पाक ब्रामचा आवाज, किती अदबीचा. तुम्हाला मायदेशी परत जायचं आहे का? "हो, पाक." तुम्ही आपला अर्ज मागे घेता आहात, बरोबर? "असं का, पाक. हो, पाक." तुमच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही ना? "हो, पाक." मधेच "नाही"च्या जागी "हो" आलं तेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी डोळे मिटले. तो आवाज नौरोजचा होता, पण त्यातलं सगळं माझं होतं. थांबण्याची जागा, खालचा सूर, शेवटचा श्वास. मी फळ्यावर खुणा करून शिकवलं होतं ते.

म्हणाले, "त्याला बोलवा. आत्ता."

नौरोज आला, हात पुढे बांधून बसला. मी वर्गातल्या आवाजात, मऊ, म्हणाले, "नौरोज, तू पाक वाहिदिनची सायकल चोरलीस ना?"

"हो, बू."

"आणि समुद्रात टाकलीस."

"असं का, बू. हो, बू."

दारातून पाक वाहिदिन बाहेर वाकून बघायला लागला. "सायकल तर हितंच हाय की माझी," असं म्हणाला आणि मग त्यालाही समजलं. पाक ब्राम पांढरे पडले.

भिंतीवर जगाचा नकाशा होता. मी नौरोजचं बोट धरून काबूलवर ठेवलं. "बुधवारी. विमान. तू. इथे." दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्याने माझ्या हातातून बोट काढून घेतलं. त्याची मान हलायची थांबली. भिंतीला पाठ घासत तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्याने स्वतःचा चेहरा झाकून घेतला. ओरडला नाही. त्याला ओरडायला कुणी शिकवलं नव्हतं.

पाक ब्राम म्हणाले, "सही झाली आहे, बू. आता माझ्या हातात नाही. सोमवारी बू निंग्रुम येतात, त्या प्रमुख. त्यांच्यासमोर त्याने स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं तरच काही होईल." नंतर दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मी तुमच्या शब्दावर गेलो होतो." रागाने नव्हते म्हणाले, पण लागायचं ते लागलं.

शनिवार, २६ एप्रिल

सुट्टीचा दिवस, तरी पाक वाहिदिनने आत सोडलं. नौरोजला "नाही" शिकवायचं होतं. जमेना. शब्द येतो, पण माझ्याकडे बघून म्हणताना त्याचा आवाज आत जातो, मान आपोआप झुकते. मी चिडले, मग चिडल्याची लाज वाटली. झुकवायला मीच शिकवलं होतं.

शेवटी गुलेदला हाक मारली. "तू शिकव. मला जमत नाही."

गुलेदने मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "बू, तुम्ही बोला. काहीही. थांबू नका." मी पत्ता सांगावा तसं काहीबाही बोलत राहिले आणि तो नौरोजचा हात धरून दर वेळी टेबलावर आपटायचा. "अजून नाही! मला नाही समजलं!" पहिल्यांदा नौरोज माझी माफी मागायचा. मग मागेनासा झाला. शेवटी शेवटी त्याने असा हात आपटला की माझा चष्मा खाली पडला, आणि गुलेद टाळ्या वाजवत म्हणाला, "आता हा पास!"

पण ती मी होते. बू निंग्रुम मी नव्हे.

सोमवार, २८ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

बू निंग्रुम योग्याकार्ताच्या. बोलणं असं की पाण्याला ओरखडा उठू नये. मला आधी चहा दिला, घ्या म्हणाल्या, मुलाबाळांची चौकशी केली. नौरोज भिंतीकडेच्या खुर्चीवर बसला होता, पाक ब्राम त्याच्या शेजारी. मी सगळं पाठ करून गेले होते. चूक माझी आहे, त्याला समजतं हे मी खोटं सांगितलं, दुभाषा आणून पुन्हा विचारा.

मी तोंड उघडायच्या आत त्या बोलायला लागल्या. तुमची तळमळ दिसते, बू कुस्तियाह. इंगिह, मी म्हणाले. शिक्षकाचा जीव विद्यार्थ्यात अडकतोच. इंगिह. पण सगळं रीतीप्रमाणे झालं आहे, आता उलटं फिरवायचं म्हणजे पाक ब्रामच्या नोकरीवर येईल, तुमच्या वर्गावर येईल, इतरांचं शिकणं थांबेल. इंगिह, बू. तिकडेही आपली माणसं आहेत, उतरल्यावर त्याची काळजी घेतील. इंगिह. "मग बुधवारचं ठरल्याप्रमाणे होऊ द्यावं, असं आपण दोघींनी समजायचं ना?"

आणि मी म्हणाले, "इंगिह."

म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलं. त्यांनी पेनला टोपण लावलं. मला नाही म्हणायचं होतं, सगळ्या अंगाने म्हणायचं होतं, आणि माझी मान सोलोतल्या त्या बैठकीत झुकली होती तशीच झुकलेली होती. वर येईना.

मागे खुर्ची सरकली. नौरोज टेबलापाशी आला आणि त्याने बशीशेजारी हात आपटला. चहा सांडला.

"अजून नाही! मला नाही समजलं!"

बू निंग्रुम दचकल्या. "काय नाही समजलं तुम्हाला?"

"काही नाही समजलं. त्या दिवशी पण. कधीच नाही." मग माझ्याकडे बोट करून, "बूंना पण नाही समजलं."

माझी मान वर आली. मी म्हणाले, "खरं आहे. मी 'इंगिह' म्हणाले ते ऐकत होते म्हणून. मला मान्य नाही. दुभाषा बोलवा." आवाज चिरकला. तेगलच्या बाजारात शोभला असता. पाक ब्राम उभे राहिले आणि म्हणाले, "माझंही तेच म्हणणं आहे, बू. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे."

बू निंग्रुमनी रुमालाने चहा टिपला. बराच वेळ टिपत राहिल्या. मग पेनचं टोपण काढलं.

बुधवारचं विमान थांबलं आहे. मागे घेतलेला अर्ज पुन्हा उघडतील की नाही, ते दुभाष्यामार्फत मुलाखत झाल्यावर ठरेल.

शुक्रवार, २ मे

दुभाषी फोनवर होती, सकीना नावाची एक बाई, स्पष्ट, कोरड्या आवाजाची. मला बसायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. तशीही मी बोलणार नव्हते.

नौरोज आपल्या भाषेत बोलला आणि तो दुसराच माणूस झाला. हात हलत होते, आवाज चढत होता. त्याने एकदाही मान डोलावली नाही. तो थांबला की फोनमधून सकीनाबाईंचा आवाज यायचा.

"मी आणि माझा मोठा भाऊ बसमध्ये होतो. बंदूकवाले चढले. आमच्या लोकांची नावं ओळखून खाली उतरवत होते. मी मागे होतो, एका बाईने मला आपल्या पदराखाली घेतलं. भावाला नाव विचारलं. तो उतरला. रस्त्याच्या कडेला त्याला गोळी घातली. मी खिडकीतून पाहिलं.

"त्याच्या खिशात आम्हा दोघांचा फोटो होता. तो त्यांनी काढून घेतला. फोटो घेऊन ते आमच्या गावात आले आणि घरोघर दाखवून विचारलं, हा दुसरा कुठे आहे. मी परत गेलो तर माझा चेहरा त्यांच्याकडे आहे."

पाक ब्राम लिहीत होते. त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्ही आधी का नाही सांगितलं?

सकीनाबाईंनी विचारलं. नौरोजने उत्तर दिलं. छोटंसंच होतं. फोनमधून तोच कोरडा आवाज आला.

"सांगितलं होतं. आमच्या नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी बूंना सगळं सांगितलं. त्या हो, हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, फोटो जपून ठेवावा."

मंगळवार, ६ मे

निर्णय अजून आलेला नाही. महिना लागेल म्हणतात, जास्तही लागेल. गुलेद शहरातल्या वसाहतीत गेला. जाताना नौरोजला म्हणाला, "तुझ्यासाठी खिडकीजवळची खाट धरून ठेवतो."

आज शिकवायला जाऊ नये असं वाटत होतं. कुठल्या तोंडाने जायचं? यू तारी दुकानातून ओरडल्या, "बस चाललीया, जातीस का न्हाई?" म्हणून गेले.

नौरोज सारोंग नेसून आला होता. कमरेला गाठ उलटी मारली होती. मी फळा पुसला, पण लिहिलं काही नाही. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "भावाचं सांग. तुझ्या शब्दांत, मला. आज मी मिनीबसने जाणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डोंगरातल्या रस्त्यापासून सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला माझी मान हलायला लागली. मी ती थांबवली आणि टेबलावर हात ठेवला.

"थांब, नौरोज," मी म्हणाले. "मला नाही समजलं. पुन्हा सांग."